सहा चौकार आणि एक उंच फटका

यशपाल शर्मा आणि संदीप पाटील यांचे कसोटीतले आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. यशपाल ३७ कसोट्या खेळला, १६०६ धावा. संदीप २९ खेळला, १५८८ धावा. फरक अठरा धावांचा. दोघेही १९८३च्या विश्वविजेत्या संघात होते. मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात दोघांनीही अर्धशतकं केली आणि त्या दिवशी जास्त धावा यशपालच्याच होत्या. तरीही यशपालच्या वाट्याला आला तो आदर. नायकाची भूमिका, पाक्षिकाचं संपादकपद, मैदानात शिरताना उठणारा गलका हे सगळं संदीपकडे गेलं.

यशपालवर हा अन्याय आहे का? थोडा आहे. पण लोकांचं प्रेम धावफलक वाचून जडत नाही. संदीप पाटीलच्या बाबतीत तर ते दोन-तीन डावांवर आणि मँचेस्टरच्या एका षटकावर उभं आहे, आणि चाळीस वर्षं होऊन गेली तरी टिकून आहे. २९ कसोट्या म्हणजे आजच्या हिशेबाने तीन-चार वर्षांचं खेळणं. एवढ्याशा भांडवलावर एवढा मोठा लौकिक कसा उभा राहिला, आणि क्रिकेट संपल्यावर तो कुठे कामाला आला, कुठे अजिबात आला नाही, हे पाहताना मुंबईच्या क्रिकेटचंही बरंच काही हाती लागतं.

सुरुवात अर्थातच शिवाजी पार्कात. संदीपचा जन्म १८ ऑगस्ट १९५६चा. वडील मधुसूदन पाटील मुंबईकडून रणजी खेळलेले आणि राष्ट्रीय पातळीवरचे बॅडमिंटनपटू. शाळा बालमोहन, म्हणजे घंटा झाली की मैदान समोर. पुढे रुईया कॉलेज. क्रिकेटचे धडे अंकुश ऊर्फ अण्णा वैद्य यांच्याकडे. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान विलक्षण आहे. एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एकाचा कव्हर दुसऱ्याच्या फाइन लेगला जाऊन उभा राहतो, आणि तिसऱ्याच्याच चेंडूने डोकं फुटू नये म्हणून सगळ्यांनाच सावध राहावं लागतं. भोवतीच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळी बसलेली. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, पण आडव्या बॅटने फटका मारणाऱ्या पोराचं भविष्य ती तिथल्या तिथे सांगून टाकतात. आणि ते बहुधा वाईटच असतं.

कारण मुंबईच्या फलंदाजीचा धर्मच तसा. विकेट फेकायची नाही. शतक झालं की पुन्हा गार्ड घ्यायचा. चेंडू जमिनीलगत, बॅट सरळ. पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात, कंबरेएवढ्या गवतात उभं राहून ज्याने तीस धावा केल्या तो खरा फलंदाज. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांचं कितीही वैर असो, या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. याच शहराच्या सर्वांत मोठ्या फलंदाजाने १९७५च्या पहिल्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ केल्या होत्या. गावसकरने त्या डावात १७४ चेंडू खेळले. सहा वर्षांनी संदीप पाटीलने ॲडलेडला धावा केल्या, त्याही १७४. निव्वळ योगायोग. पण खडूस मुंबईला एक उधळ्या मुलगा मनातून हवाच होता, असं मला हा योगायोग पाहताना नेहमी वाटतं. उघडपणे कबूल करायची सोय नव्हती, एवढंच.

हा मुलगा तसा आधी गोलंदाजही होता. चुकीच्या पायावर चेंडू टाकणारा मध्यमगती. रणजी संघात आला १९७५-७६मध्ये, आणि पहिली काही वर्षं आत-बाहेर करण्यातच गेली. १९७९-८०च्या मोसमात वानखेडेवर सौराष्ट्राविरुद्ध त्याने २१० काढल्या तेव्हा मात्र शहराने मान वर केली. १९ चौकार, सात षटकार, आणि सगळं मिळून २०५ मिनिटांत. एक षटकार तर स्टेडियम ओलांडून शेजारच्या हॉकीच्या मैदानात पडला. वानखेडेची हद्द आणि हॉकीचं ते मैदान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे अंतर सांगायला नको. त्याच मोसमात, जानेवारी १९८०मध्ये, मद्रासला पाकिस्तानविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं.

वर्षभराने तो ऑस्ट्रेलियात होता. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या पंचवीस दिवसांत ठरलं.

२ जानेवारी १९८१ला सिडनीची कसोटी सुरू झाली. भारताची पडझड चालू असताना संदीप हेल्मेटशिवाय फटके मारत होता. रॉडनी हॉगचा एक चेंडू गळ्यावर बसला. तो बाहेर गेला नाही. मग लेन पॅस्कोचा आखूड टप्प्याचा चेंडू उजव्या कानाजवळ आदळला आणि संदीप खेळपट्टीवरच कोसळला. धावफलकावर नोंद झाली: जखमी निवृत्त ६५. दुसऱ्या डावात तो पुन्हा बॅट घेऊन आला, धावा फारशा झाल्या नाहीत, भारत डावाने हरला. ग्रेग चॅपेलने एकट्याने २०४ केल्या होत्या आणि भारताचे दोन्ही डाव प्रत्येकी २०१वर संपले होते. म्हणजे चॅपेल एकटाच आमच्या दोन्ही डावांना पुरून उरला.

डोक्याला असा मार बसला की फलंदाजाचे पाय पुढच्या वेळी आपोआप लेगकडे सरकतात. ही भीती लपवता येत नाही. गोलंदाजाला ती पहिल्या चार चेंडूंत कळते. २३ जानेवारीला ॲडलेडची कसोटी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने ५२८ केल्या, किम ह्यूजच्या २१३. समोर पुन्हा लिली, पुन्हा पॅस्को. या वेळी संदीपच्या डोक्यावर हेल्मेट होतं. बाकी काहीही बदललेलं नव्हतं. तो मागे सरकला नाही. उसळते चेंडू त्याने हुक केले, पुढचे ड्राइव्ह केले आणि पाच तासांत १७४ धावा झाल्या. याच डावात चेतन चौहान ९७वर बाद झाला. पुण्यात वाढलेला, महाराष्ट्राकडून खेळलेला हा जिद्दी सलामीवीर कसोटी शतकाच्या इतका जवळ जाऊन कधीच तिथे पोचला नाही. त्याची हळहळ बिचाऱ्याला एकट्यालाच करावी लागली, कारण सगळा देश संदीपच्या डावात गुंतला होता.

ऑस्ट्रेलियातल्या कसोटीत भारतीयाची तोवरची सर्वोच्च खेळी विजय हजारेंची होती, १४५ धावांची, तीही ॲडलेडलाच. संदीपचा १७४चा विक्रम पुढे अकरा वर्षं टिकला. १९८६ साली सिडनीला गावसकर १७२वर बाद झाला, दोन धावांनी राहिला. शेवटी १९९२मध्ये रवी शास्त्रीने सिडनीलाच २०६ करून तो मोडला. हजारे सोडले तर सगळी नावं एका शहरातली आहेत, आणि त्यांच्यात संदीप पाटील सर्वांत कमी कसोट्या खेळलेला आहे.

ॲडलेडची कसोटी नवव्या जोडीने कशीबशी वाचवली. पुढची मेलबर्नची कपिलने जिंकून दिली आणि मालिका बरोबरीत सुटली. ॲडलेड हातची गेली असती तर मेलबर्नला वाचवायला काही उरलंच नसतं. हे श्रेय संदीपला फारसं कुणी देत नाही. लोकांच्या लक्षात सिडनीचा मार आणि ॲडलेडचा पलटवार एवढंच राहिलं. सिनेमाच्या पटकथेला तेवढं पुरतं.

त्या काळी हे कुणी पाहिलं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. ऑस्ट्रेलियातला खेळ इथल्या भल्या सकाळी सुरू व्हायचा आणि खरखरणाऱ्या शॉर्टवेव्हवर ऐकायचा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एखादं काळं-पांढरं छायाचित्र. मधली जागा ज्याने त्याने आपापल्या कल्पनेने भरली. संदीप पाटीलचे फटके बहुतेक मराठी माणसांनी आधी ऐकले, मग वाचले, मग एकमेकांना सांगितले, आणि पाहिले ते फार नंतर. सांगता सांगता फटका थोडा वाढतोच.

मँचेस्टरच्या षटकाचं तेच झालं. जून १९८२, ओल्ड ट्रॅफर्ड, दुसरी कसोटी. इंग्लंडच्या ४२५ धावा. भारताचा निम्मा संघ परतलेला आणि फॉलोऑनची टांगती तलवार. संदीप आणि कपिल यांनी आधी डाव सावरला आणि मग उधळला. कपिल ६५वर बाद झाला. इंग्लंडचा कर्णधार बॉब विलिस स्वतः नवा चेंडू घेऊन आला. संदीप तेव्हा ७३वर होता. विलिसच्या त्या षटकात एक नो-बॉल धरून सात चेंडू पडले, त्यांतल्या सहांवर चौकार गेले. एकच चेंडू मधे निर्धाव. बघता बघता शतक झालं. डाव नाबाद १२९वर थांबला, आणि उरलेला सामना पावसाने धुऊन नेला.

सहा चौकारांचं हे षटक आता फोनवर केव्हाही पाहता येतं. पाहिल्यावर पहिल्यांदा जाणवतं की यात राग नाही, घाई नाही. सहा फूट उंचीचा माणूस जागेवर उभा राहून बॅट मोकळी सोडतो आणि चेंडू कुंपणाला लागलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे विलिसचा चेहरा. एका वर्षाने, २२ जून १९८३ला, त्याच मैदानावर, त्याच कर्णधाराला पुन्हा हेच पाहावं लागलं. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात २१४चं लक्ष्य होतं. मोहिंदर आणि यशपाल यांनी घर बांधलं, संदीपने गृहप्रवेश केला: ३२ चेंडूंत नाबाद ५१. सामनावीर मोहिंदर ठरला, ते योग्यच होतं. तीन दिवसांनी लॉर्ड्सवर भारत १८३मध्ये आटोपला, त्यात श्रीकांतच्या ३८नंतरची सर्वांत मोठी खेळी संदीपची होती, २७ धावांची. या २७ कुणाला आठवत नाहीत. मला त्या त्याच्या सगळ्या षटकारांइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण तो सामना ४३ धावांनी जिंकला गेला.

विश्वचषकानंतरची दीड-दोन वर्षं म्हणजे संदीप पाटीलचं राज्य. उंच, देखणा, मिशीवाला, हसरा. क्रिकेटपटूने सिनेमात जाणं नवं नव्हतं. सलीम दुराणी ‘चरित्र’मध्ये परवीन बाबीसमोर उभा राहिला होता, खुद्द गावसकर ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात नायक होता. संदीपचा ‘कभी अजनबी थे’ आला १९८५मध्ये. पूनम धिल्लाँ आणि देबश्री रॉय अशा दोन नायिका, आणि खलनायक कोण, तर यष्टिरक्षक सय्यद किरमाणी. भारतीय संघाची ड्रेसिंग रूमच पडद्यावर आणल्यासारखी. चित्रपट चालला नाही. मराठीत मात्र ‘एकच षटकार’ हे क्रीडा पाक्षिक निघालं आणि गाजलं. संपादक म्हणून संदीपचं नाव, कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. खेळाडू, त्याच्या भानगडी, त्याचे विनोद, सगळं चटपटीत मराठीत द्यायचं हा त्या पाक्षिकाचा खाक्या. क्रिकेटवरचं मराठी लेखन तोवर बरंचसं धोतर-टोपीतलं होतं, त्याला या मंडळींनी जीन्स घातली. खेळत असलेला किंवा नुकताच थांबलेला कसोटीपटू मराठी नियतकालिकाचा संपादक आहे, ही गोष्ट आजच्या खेळाडूंकडे पाहताना अद्भुतच वाटते.

पण चित्रपट पडद्यावर येईपर्यंत त्याची कसोटी कारकीर्द संपलेलीही होती.

डिसेंबर १९८४, दिल्लीची कसोटी. भारताला ती फक्त वाचवायची होती. शेवटच्या दिवशी संदीप ४१वर असताना त्याने फिल एडमंड्सला उचलून मारलं आणि झेल ॲलन लॅम्बच्या हातात गेला. पाठोपाठ कपिल आला, पोकॉकला षटकार मारला आणि तसाच दुसरा मारायला जाऊन त्याच लॅम्बकडे झेल देऊन परतला. शेवटचे सहा बळी २८ धावांत गेले, इंग्लंड आठ गड्यांनी जिंकलं. बेजबाबदार फटक्यांची शिक्षा म्हणून दोघांनाही कलकत्त्याच्या कसोटीतून वगळण्यात आलं. ईडन गार्डन्सवर ‘नो कपिल, नो टेस्ट’चे फलक लागले, कर्णधार गावसकरवर फळं फेकली गेली. कपिल पुढच्याच कसोटीत परत आला.

संदीप आला नाही. कधीच. त्याच्या जागी हैदराबादचा एकवीस वर्षांचा मुलगा घेतला होता. त्याने कलकत्त्याला ११०, मद्रासला १०५, कानपूरला १२२ केल्या. पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं. मोहम्मद अझरुद्दीन त्या जागेवर बसला तो पंधरा वर्षांसाठी.

संदीप तेव्हा २८ वर्षांचा होता. फैसलाबादला पाकिस्तानविरुद्ध १२७ करून त्याला दोन महिनेही झाले नव्हते. ज्या उंच फटक्यासाठी लोक तिकीट काढून येत होते, नेमक्या त्याच फटक्याने घात केला, हे खरंच. पण शिक्षेचं माप दोघांना एकच लावलं आणि मोजताना हात वेगळा पडला, असं माझं मत आहे. कपिल गोलंदाजही होता, त्याच्यावाचून संघाचं अडत होतं. संदीपवाचून अडणार नाही हे अझरने तीन आठवड्यांत दाखवून दिलं. उलट बाजूने बोलायचं तर संदीपच्या खेळात सातत्य नव्हतंच. चार कसोटी शतकं, आणि दोन शतकांमध्ये लांबलचक शांतता. मुंबईच्या कट्ट्याचं म्हणणं अखेर खरं ठरलं असं म्हणायला जागा होती, आणि कट्टा ती सोडणाऱ्यांतला नव्हे.

एकदिवसीय सामन्यांत तो १९८६पर्यंत येत-जात राहिला. मग मुंबई सोडून मध्य प्रदेशचं कर्णधारपद घेतलं, पाच मोसम तिथे काढले, आणि १९९०मध्ये मुंबईविरुद्धच १८५ केल्या. मुंबईकर त्या दिवशी कुणाच्या बाजूने होते, हे विचारण्यात अर्थ नाही.

पुढची पाटीलांची कारकीर्द टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. १९९६च्या इंग्लंड दौऱ्यावर ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. कर्णधार अझरुद्दीन. ज्याने आपली जागा घेतली त्याच्याच शेजारी बसून संघ चालवायचा, असा तो प्रसंग. याच दौऱ्यात लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी पदार्पण केलं. मालिका हरल्यावर काही महिन्यांतच पाटील गेले, मदनलाल आले.

सप्टेंबर २०१२मध्ये ते निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि चार वर्षं राहिले. सेहवाग, गंभीर, हरभजन, झहीर यांच्या मावळतीचा हा काळ. डिसेंबर २०१२मध्ये नागपूरच्या कसोटीच्या वेळी समितीने सचिन तेंडुलकरला भेटून पुढचा विचार काय, असं विचारलं. २३ डिसेंबरला सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. २०१६मध्ये पद सोडल्यावर पाटीलांनी मुलाखतीत सांगून टाकलं की सचिनने ती घेतली नसती तर आम्ही त्याला वगळणार होतो. खूप टीका झाली. बंद दाराआडचं बाहेर बोलू नये हा नियम त्यांनी मोडला, तो मोडायला नको होता. पण शिवाजी पार्कातल्या एका मुलाने दुसऱ्याला हा प्रश्न समोर बसून विचारला, याचं मला अप्रूप आहे. १९८४मध्ये संदीपला तसं कुणी विचारलेलं नव्हतं, संघाच्या यादीत नाव नव्हतं एवढंच.

ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. समोर अमोल काळे, पाठीशी शरद पवार आणि आशीष शेलार यांचं एकत्र पॅनेल. पाटील हरले. मतदान मुख्यतः क्लबांचे प्रतिनिधी करतात, विलिसचं षटक आठवणारे लोक नाही. अजित वाडेकर २००१मध्ये शरद पवारांकडून हरले होते, दिलीप वेंगसरकर २०११मध्ये विलासराव देशमुखांकडून. तिघेही दादर परिसरात खेळून मोठे झालेले, तिघांनाही रस्त्यात थांबवून लोक नमस्कार करायचे. नमस्कारांची मोजणी मतपेटीत होत नाही. पाटीलांच्या या निवडणुकीच्या आदल्या वर्षी ‘८३’ चित्रपट आला होता आणि त्यात संदीपची भूमिका त्यांचा मुलगा चिराग याने केली होती. थिएटरात शिट्ट्या झाल्या, त्या दोन पिढ्यांना मिळून.

एक मुक्काम मी मुद्दाम मागे ठेवला, केनियाचा. पाटील तिथे प्रशिक्षक म्हणून गेले तेव्हा ॲडलेड, मँचेस्टर, मिशी, सिनेमा यांपैकी कशालाही तिथे किंमत नव्हती. हाताशी मूठभर खेळाडू, बरेचसे काही मोजक्या घरांतले, सराव नैरोबीच्या जिमखान्यांवर. कसोटीचा दर्जा नाही, पैसा नाही. २४ फेब्रुवारी २००३ला नैरोबीत केनियाने विश्वचषकात श्रीलंकेला ५३ धावांनी हरवलं. लेगस्पिनर कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत पाच बळी घेतले. सुरक्षेच्या कारणाने न्यूझीलंड नैरोबीला आलंच नाही, ते गुण मिळाले, हे नशीब खरं. पण बांगलादेश आणि झिम्बाब्वे यांना मैदानावरच हरवलं. कसोटी न खेळणारा देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, हे तोवर कधी घडलं नव्हतं.

उपांत्य सामना डर्बनला, २० मार्चला, आणि तोही भारताशी. गांगुलीने नाबाद १११ केल्या, सचिनने ८३. भारत ९१ धावांनी जिंकला. एकाचं कसोटी पदार्पण याच प्रशिक्षकाच्या हाताखाली झालं होतं, दुसऱ्याची निवृत्ती नऊ वर्षांनी याच माणसाच्या प्रश्नानंतर येणार होती. त्या दिवशी सगळा मराठी मुलूख अर्थातच दूरदर्शनसमोर भारताच्या बाजूने बसला होता. केनियाच्या बाकावर आपला माणूस आहे, याचा अभिमान सामना खिशात पडल्यावर सुरू झाला. केनियाचं क्रिकेट नंतर भांडणांत आणि पैशांच्या घोळांत घसरत गेलं, २०१४मध्ये एकदिवसीय दर्जाही गेला. २००३ची ती उपांत्य फेरी मात्र त्यांच्या खात्यावर अजून जमा आहे, आणि त्या खात्यात मुंबईच्या आकड्यांचा एकही रुपया नाही.